पायाची रुंदी सांगणारी पाटी

मित्रांनो, मी चपला-बुटांच्या एका दुकानातली, पायाचे माप घेणारी जुनी पाटी आहे. माझा स्वभाव गोड नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही आजवर ज्या खुर्च्यांची, छत्र्यांची आणि घड्याळांची आत्मवृत्ते वाचली असतील, ती बिचारी शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

मी धातूची आहे. मला साच्यात ओतले, कानशीने घासले आणि माझ्या अंगावर आकडे कोरले. मागच्या बाजूला टाच टेकवायला वाटीसारखा खळगा आहे. पुढे एक पट्टी आहे, ती अंगठ्यापर्यंत सरकवली की पायाची लांबी कळते. बाजूला दुसरी पट्टी आहे, ती पंज्याला टेकवली की रुंदी कळते. आता गंमत ऐका. माझ्यावर पाय ठेवणारा प्रत्येक माणूस पहिल्या पट्टीकडे पाहतो, "सातच ना?" म्हणतो आणि पाय काढून घेतो. दुसरी पट्टी जागच्या जागी राहते. जणू माणसाचा पाय म्हणजे दोरी आहे, त्याला फक्त लांबीच असते!

मला विकत आणले ते या दुकानाच्या पहिल्या मालकांनी. ते अतिशय भांडखोर होते, म्हणून मला आवडायचे. गिऱ्हाईक आले की ते स्वतः खाली बसत, दोन्ही पट्ट्या सरकवत आणि मग मोठ्या आवाजात माप सांगत. एखाद्या बाईने "मला यापेक्षा लहान लागतो," म्हटले की ते उठून उभे राहत. "तुम्हाला लागत असेल, तुमच्या पायाला नाही लागत. पायाला विचारून या," असे म्हणून दार दाखवत. त्यांच्या स्वतःच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, मोठा फुगवटा होता. त्यांचा बूट पाहिला की बुटाने लिंबू गिळले आहे असे वाटे. पण ते रुंद बूट घालत आणि दिवसभर उठबस करत.

त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला दुकानात रस नव्हता. मुलगी मात्र शाळा सुटली की इथेच असायची. एकदा ती मैत्रिणींना घेऊन नवे बूट घ्यायला आली. वडिलांनी तिचा पाय माझ्यावर ठेवला, पट्टी सरकवली आणि सवयीने भर दुकानात ओरडले, "लांबीला पाच, रुंदीला सगळ्यात मोठं! माझाच पाय घेऊन आलीये पोरगी!" त्यांना कौतुक वाटले होते. मैत्रिणी मात्र खिदळल्या. त्यातली एक म्हणाली, "अगं, बदकाचे पाय!" मुलगी पाय ओढून घेऊन पळत बाहेर गेली. त्यानंतर ती माझ्यावर कधीच उभी राहिली नाही. जाता येता मला ठोकर मारायची सवय मात्र तिला लागली.

वडील गेल्यावर दुकान तिच्या हाती आले. सगळे तिला 'बाई' म्हणू लागले. बाई हुशार होत्या, कष्टाळू होत्या आणि जिभेला धार होती. वडिलांनी ठेवलेले रुंद पंज्याचे सगळे बूट त्यांनी काढून टाकले. त्यांच्या जागी टोकदार, उंच टाचांचे, चमकणारे बूट आले. काचेमागे ते फार सुरेख दिसत. त्यांच्या टोकाकडे पाहून मला प्रश्न पडे, की पायाची पाच बोटे तिथे नेमकी कुठे बसणार आहेत? कोणत्या माणसाचे मधले बोट सगळ्यात लांब असते आणि अंगठा करंगळीएवढा असतो?

माझी मात्र रवानगी झाली. भिंतीशी एक लाकडी कपाट होते, त्याचा एक पाय आखूड होता. बाईंनी मला उचलले, त्या लंगड्या पायाखाली सारले आणि हात झटकले. "आता कुठे उपयोगाला आली," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, अपमान कशाला म्हणतात ते मला विचारा. पण एक झाले. जमिनीलगत पडून मला सगळ्यांचे पाय दिसू लागले. उभे राहताना पायाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकणाऱ्या बायका दिसल्या. बूट चढवताना डोळे मिटणारे पुरुष दिसले. अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला, आणि त्याच्या मुळाशी लाल, चकचकीत, दुखरा उंचवटा. असे पाय येत, टोकदार बुटात कोंबले जात आणि लंगडत निघून जात. मी ओरडू शकत नव्हते. माझ्या छातीवर कपाट होते.

मग बाईंची भाची कामाला आली. भाची म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. शिक्षण संपले होते, नोकरी मिळत नव्हती, म्हणून भावाने शब्द टाकला होता. मुलगी बडबडी आणि हसरी होती. बाईंनी पहिल्याच दिवशी काळे टोकदार बूट तिच्यापुढे ठेवले.

"दुकानात उभं राहायचं तर दुकानाचा बूट पायात पाहिजे. आपणच घातला नाही, तर लोक काय म्हणून घेतील?"

भाचीने पाय आत घातला आणि तोंड वाकडे केले. "आत्या, फार आवळतात गं."

"नवे आहेत. घालून घालून सैल होतील."

या वाक्याचा मला जितका राग आहे, तितका त्या कपाटाचाही नाही. चामडे थोडेफार सैल होते, हे खरे. पण बूट पायाच्या आकाराचा व्हायच्या आधी पायच बुटाच्या आकाराचा होऊ लागतो, हे कोणी सांगत नाही.

भाची सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी असायची. बसायला स्टूल होते, पण ते गिऱ्हाइकांसाठी. पहिल्या पावसाळ्यात तिचे पाय नुसते ठणकत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अंगठ्याच्या मुळाशी उंचवटा दिसू लागला. तिने आधी चिकटपट्टी लावली, मग कापूस कोंबला. पण आधीच दाटीवाटी असलेल्या बुटात कापूस कोंबला, तर आणखी दाटी होणार की नाही? कोणीतरी तिला झोपताना लावायचा पट्टा दिला. 'वाकडा अंगठा सरळ करा' असे त्याच्या खोक्यावर छापले होते. रात्री तिला जरा बरे वाटे. सकाळी पुन्हा तेच बूट, पुन्हा तीच कळ.

"आत्या, आज जरा सपाट चप्पल घालू का?"

"का? काय झालं?"

"अंगठा दुखतोय. सूज बघ ना."

बाईंनी पाहिले नाही. "नखरे करू नकोस. उभं राहायची सवय नाही तुम्हा मुलींना."

गल्ल्यावर एक वयस्कर काका बसत. विनोदी होते, पण बाईंना वाघाला घाबरावे तसे घाबरत. भाची त्यांच्याजवळ मन मोकळे करी. एके सकाळी ती हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली आणि गल्ल्याशी वाकून हळू आवाजात सांगू लागली.

"काका, याला इंग्रजीत बनियन म्हणतात."

"कशाला?"

"या पायाच्या गाठीला."

"बनियन?" काकांनी सदऱ्याची गुंडी सोडून आत पाहिले. "ते तर मी अंगात घातलंय. तुझ्या पायात कसं गेलं?"

भाची हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. मग तिने नीट सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, ही गाठ नाही आणि नवे हाडही उगवलेले नाही. अंगठ्याचे मागचे हाड बाहेर सरकते आणि अंगठा बोटांकडे झुकतो, म्हणून सांधा असा पुढे येतो. पायाची ठेवण घराण्यातून येते, तो कोणाचा दोष नाही. पण अशा पायाला चिंचोळा बूट आणि उंच टाच मिळाली, तर ते आगीत तेल ओतणे आहे. टाच उंच असली की सगळा भार पुढे पंज्यावर येतो, आणि चिंचोळे टोक त्याला दोन्हीकडून दाबते.

"मग औषध काय?" काकांनी विचारले.

"पहिलं औषध म्हणजे बूट बदल. पुढून रुंद, मऊ, कमी टाचेचा. सुजलं की फडक्यात गुंडाळून बर्फ. सांध्यावर मऊ गादीची चकती, पण ती बुटात जागा असेल तरच. पायाच्या बोटांचे व्यायाम. त्या पट्ट्यानं आराम वाटेल, पण अंगठा सरळ व्हायचा नाही म्हणाल्या. आणि एवढं करूनही चालणं मुश्किल झालं, तरच ऑपरेशन." तिने खाली आपल्या बुटांकडे पाहिले. "त्यांनी विचारलं, पायाचं माप शेवटचं कधी घेतलं होतं? काका, मी बुटांच्या दुकानात काम करते आणि मला ते सांगता आलं नाही."

काकांनी मानेने कपाटाकडे खूण केली.

भाची आली, गुडघ्यांवर बसली आणि मला दोन्ही हातांनी ओढू लागली. मी निघाले. कपाट एका अंगावर झुकले आणि वरची खोकी धडाधड खाली आली. एका पायात बूट घातलेले एक गिऱ्हाईक लंगडी घालत दाराकडे पळाले. आतून बाई आल्या.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दुकान पाडतेस?"

 भाचीने बूट काढला, माझ्यावर सरळ उभी राहिली आणि पट्ट्या सरकवल्या. लांबीला तिच्या बुटाहून एक नंबर जास्त. रुंदीची पट्टी तर शेवटच्या खुणेपर्यंत गेली.

"बघ, आत्या."

"मी नाही बघत. ती पाटी वेडी आहे. पहिल्यापासून वेडी आहे."

"पाटी कशी वेडी असेल?"

"लोकांचे पाय सुजवून सांगते ती! ठेव खाली. आणि बूट घाल."

"नाही घालणार."

 काकांनी उगीचच खण उघडून बंद केला.

"मग दुकानात उभी राहू नकोस," बाई म्हणाल्या. "मागच्या खोलीत खोकी लावत बस. तुझ्या वडिलांना मी शब्द दिलाय, म्हणून काढत नाही. आणि ही ब्यादपण घेऊन जा."

ब्याद म्हणजे मी. बाईंनी मला फेकले ते सरळ मागच्या खोलीच्या दारावर आदळले. माझ्या कडेला तेव्हाचा पोचा अजून आहे.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. खोक्यांच्या उंच चळती होत्या आणि एक पिवळा दिवा. भाचीने स्वतःच्या पैशाने कापडी, रुंद, सपाट बूट आणले. ती दिवसभर शिडीवरून खोकी चढवी आणि उतरवी. दुपारी भिंतीला टेकून बसे, जमिनीवर रुमाल टाके आणि पायाच्या बोटांनी तो उचलायचा प्रयत्न करी. आधी रुमाल हलतही नसे. तेव्हा ती रुमालालाच शिव्या घाली. हळूहळू लाली गेली, सूज उतरली. उंचवटा तसाच राहिला, पण संध्याकाळी ती सरळ चालत घरी जाऊ लागली. बाई तिच्याशी बोलत नव्हत्या. सामान मागायचे असले तरी काकांमार्फत. "तिला म्हणावं, तपकिरी सहा नंबर दे." मधे एक दार होते, ऐकू सगळे येत होते.

एके दुपारी भाची खोक्यांच्या चळतीमागे डबा खात बसली होती. बाई आत आल्या. आत कोणी नाही असे त्यांना वाटले असावे. त्यांनी कडी लावली, एका खोक्यावर बसल्या आणि डाव्या पायातला बूट काढू लागल्या. तो निघेना. शेवटी निघाला तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज आला, तो मी आजवर कोणत्याही माणसाकडून ऐकलेला नाही. बुटात घडी घातलेले फडके होते आणि फडक्याला रक्त होते. अंगठा शेजारच्या बोटाखाली पार आडवा झाला होता. सांध्यावरची कातडी फाटून जखम चिघळली होती.

"आत्या?"

बाईंनी पाय झटकन मागे घेतला. "तू इथे काय करतेस?"

"तूच पाठवलंस मला इथे."

"बाहेर हो."

"पाय दाखव."

"बाहेर हो म्हणते ना!"

भाची जवळ येऊन उभी राहिली. तिने तो पाय पाहिला. मला वाटले, आता ही रडेल. पण तिचा चेहरा रागाने पांढरा पडला होता.

"कधीपासून आहे हे?"

"तू जन्माला यायच्या आधीपासून."

"म्हणजे तुला माहीत होतं. मी इथे कळवळत उभी असायचे आणि तू म्हणायचीस, नखरे करू नकोस. तुला माहीत होतं हे कसं दुखतं!"

"माहीत होतं म्हणूनच म्हणत होते. मी सोसलं ना? मेले का मी?"

"सोसलंस ते तुझ्या पायानं. माझा पाय कशाला घेतलास?"

  बाई बुटाचे टोक हाताने पुसत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनी भर दुकानात माझं माप ओरडून सांगितलं होतं. सगळ्या हसल्या मला. त्यानंतर मी ठरवलं, माझा पाय कुणाला दिसणार नाही."

"हसल्या त्या. शिक्षा मला?"

बाई तो बूट पुन्हा पायात घालायला गेल्या.

"ऊठ. दवाखान्यात चल."

"मी कुठे येणार नाही."

"आत्या, जखमेत पू झालाय. भांडायचं असेल तर गाडीत बसून भांड."

आणि खरेच, दोघी गाडीत भांडत गेल्या. काका बरोबर होते. ते नंतर सांगत होते, की चालवणाऱ्याने मागे वळून विचारले, "आधी पोलीस स्टेशनला नेऊ का?"

आधी जखम भरू दिली. मग बाईंचे ऑपरेशन झाले, कारण त्यांचा सांधा पार झिजून गेला होता. कित्येक महिने त्या घरी होत्या. दुकान भाचीने चालवले. तिने मला पुसून दारासमोर ठेवले. दुकानात काम करणाऱ्या मुलींसाठी स्टुले आणली. माल पुरवणारा माणूस कुरकुरला, "ताई, पुढून रुंद म्हणजे म्हाताऱ्या बायकांचा माल. तरुण मुली बघणारपण नाहीत." भाचीने बूट काढून पाय त्याच्यासमोर धरला. "मी तरुण आहे. बघा." तो बिचारा नमुन्यांची पिशवी उचलून, दुसरे नमुने आणतो असे म्हणत गेला, आणि खरेच घेऊन आला.

बाई परत आल्या तेव्हा काठी टेकत आल्या. तुम्हाला वाटत असेल, त्यांनी भाचीला जवळ घेतले असेल, माझ्यावरची धूळ पुसली असेल. छे! त्यांनी सगळ्या मांडणीला नावे ठेवली. भाचीने माझ्याकडे बोट दाखवताच, "तिच्यावर मी पाय ठेवणार नाही," म्हणाल्या. शेवटी भाचीने खाकी कागद अंथरला, त्यावर पाय ठेवायला लावला आणि पेन्सिलीने भोवती रेघ काढली. त्या मापाचे रुंद बूट बाई घालतात. अजून सांधा थोडा ताठ आहे, थंडीत दुखतो. भाचीने त्यांना माफ केले आहे का, ते मला ठाऊक नाही. दोघी बोलतात, पण कामापुरते. काही जखमा ऑपरेशनने बऱ्या होत नाहीत, आणि त्यासाठी मी भाचीला दोष देणार नाही.

परवा एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. शाळेच्या समारंभासाठी टोकदार बूट हवे होते. मुलीने पाय आत घातला आणि ओठ चावला.

"दुखतंय का गं?" भाचीने विचारले.

"काही दुखत नाही तिला," आई म्हणाली. "दोन तासांचा तर प्रश्न आहे. छान दिसतायत."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाईंचा आवाज आला. "पाय कुणाचा आहे?"

"म्हणजे?"

"तुमचा आहे का? नाही ना? मग तुम्ही कशाला उत्तर देताय? तिला विचारलंय."

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?"

"या दुकानात बोलतात. आणि ते बूट तुम्हाला मी विकणार नाही. पैसे दिलेत तरी नाही."

आई रागाने लाल झाली.  भाचीने मुलीला माझ्यावर उभे केले, दोन्ही पट्ट्या सरकवल्या आणि आतून एक खोके आणले. मुलीने ते बूट घातले, दारापर्यंत पळत गेली, पळत परत आली आणि पुन्हा पळत गेली. आईने पुटपुटत बूट घेतले. जाताना दारही आपटले. आपटू दे.

म्हणून मित्रांनो, तुमच्याशी गोड न बोलता सांगते. तुमचे पाय अजून वाढत आहेत. बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. उभे राहून माप द्या, दोन्ही पायांचे द्या, कारण ते जुळे असले तरी सारखे नसतात. बुटाच्या आत बोटे हलवून पाहा. हलत नसतील, तर तो बूट कितीही सुंदर असो, काढून ठेवा. दुखले तर लगेच सांगा. कोणी नखरे म्हटले तर आणखी मोठ्याने सांगा, आणि तरी ऐकले नाही तर भांडा. पायाला तोंड नसते. तुम्हाला आहे.